पिकतं तिथं शिजावं

दसरा-दिवाळीच्या सुमारास लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. एवढा माल येतो, पण त्यातलं एक पोतंही आणणाऱ्याच्या घरी शिजणार नसतं. सोयाबीन कारखान्यात जातं, तिथं त्याचं तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्याला किंवा परदेशी जाते. शेतकरी हिशेबाची पट्टी खिशात घालतो आणि गावाकडं निघण्याआधी किराणा दुकानात थांबतो. तेलाचा पुडा घेतो, तो बहुधा पामतेलाचा, म्हणजे इंडोनेशिया-मलेशियाकडचा. तूरडाळ घेतो. ती लातूरच्याच मिलमध्ये भरडलेली असते, पण आतली तूर म्यानमारची किंवा मोझांबिकची असू शकते. भाजीच्या नावाखाली दोन किलो बटाटे घेतो. ज्याच्या नावावर पाच एकर काळी जमीन आहे, त्याच्या ताटात त्या जमिनीतलं काहीच नसतं.

या व्यवहारात कुणी कुणाला लुबाडलेलं नाही, हे आधी सांगून टाकतो. आडत्यानं आपलं काम केलं, मिलवाल्यानं आपलं. शेतकऱ्यानंही बाजारात चालतं तेच पेरलं. म्हणून तर हा फेरा मोडणं अवघड आहे. खलनायक असता तर मोर्चा काढता आला असता. हे पुस्तक नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या शेताचं आणि ताटाचं नातं कसं सुटलं, ते कुठं कुठं पुन्हा जुळतंय आणि कुठं जुळता जुळता राहिलं, याबद्दल आहे.

या भागाला बाजार नवा नाही. लातूरची गंजगोलाई १९१७ सालची. मधोमध गोल इमारत, आत जगदंबेचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठल्या रस्त्यावर सोनं-नाणं, कुठल्या रस्त्यावर चपला, कुठं गूळ-मिरची, अशी तिची रचना. निजामाच्या हैदराबाद संस्थानानं शेतमालाच्या बाजाराचा कायदा १९३० मध्येच केला होता. नांदेडचा मोंढा, उदगीरचा मोंढा, धर्माबादची लाल मिरची, हाळी-हंडरगुळीचा बैलबाजार, माळेगावची खंडोबाची यात्रा, इथला माणूस विकणं-घेणं जाणतोच. बदललं ते एवढंच, की पूर्वी घरचं भागवून उरलेलं बाजारात जायचं. आता सगळंच बाजारात जातं आणि घरचं बाजारातून येतं.

घरचं म्हणजे काय होतं, हे अजून बघायचं असेल तर मार्गशीर्ष अमावास्येला लातूरला यावं. वेळ अमावास्या, गावाकडच्या बोलीत येळवस. लातूर-धाराशिवला आणि लगतच्या सीमाभागात हा सण दिवाळीच्या तोडीचा. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, शहरातले रस्ते ओस पडतात आणि माणसं शेतात जातात. कडब्याची कोप उभारतात, आत पांडव मांडतात, पूजा करतात आणि मग जेवतात. त्या जेवणाचा कणा म्हणजे भज्जी. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाल, वाटाणा, शेंगदाणे, गाजर, वांगी, मेथी, पातीचा कांदा असं त्या दिवसांत शिवारात असेल ते सगळं एका भांड्यात पडतं. चिंचेच्या कोळात आणि पिठात ते शिजतं. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीच्या पिठाचं ताक घालून आंबवलेलं आंबिल, गव्हाची खीर. कडधान्य, पालेभाजी, भरडधान्य, आंबवलेलं पेय: आहारतज्ज्ञ ज्यासाठी तक्ते छापतात ते इथं एका पंगतीत येतं, आणि तेही तक्ता न बघता. ज्याला शेत नाही त्याला आवतन असतं. शहरातला मास्तर, दुकानदार, बँकेतला कारकून कुणा ना कुणाच्या शेतात त्या दिवशी जेवतो. शेत आणि समाज जोडण्याच्या ज्या योजना आज कागदावर लिहिल्या जातात, त्यांचं मूळ रूप मराठवाड्यात वर्षातून एकदा असं बिनपैशानं साजरं होतं.

पण तिथंही फट पडली आहे. येळवसेच्या आदल्या दिवशी लातूरच्या भाजी बाजारात झुंबड उडते आणि भाव चढतात. शेतात जाऊन खायच्या भज्जीची भाजी शेतकरीही बाजारातून विकत नेतो. त्याच्या शेतात त्या वेळी हरभरा असतो किंवा ऊस, आणि बाकी काही नसतं.

हे असं का झालं, याची उत्तरं फार गुंतागुंतीची नाहीत. पूर्वी ज्वारीच्या शेतात तुरीच्या ओळी असत, कडेला अंबाडी, मध्ये मूग-उडीद-मटकी, कुठं कारळ, कुठं तीळ. रब्बीत करडई आणि जवस. करडईचा कोवळा पाला भाजीला, दाणा घाण्याला. जवसाची आणि कारळाची चटणी वर्षभर. या पिकांची सुगीही वेगवेगळ्या वेळी यायची, म्हणून घरात सतत काहीतरी नवं येत राही. सोयाबीन आलं ते तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा देणारं पीक म्हणून, आणि त्यानं दिलाही. ते पेरणाऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार पगारावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना नाही. मात्र त्यानं ज्वारी मागं सारली, मिश्र पीक मोडलं आणि मागोमाग तणनाशक आलं. तणनाशक तांदुळजा, पाथरी, केना, घोळ यांना तणच समजतं. भूमिहीन मजूरबाई खुरपायला गेली की संध्याकाळी पदराच्या ओट्यातून जी भाजी घरी आणायची, ती यातलीच होती. तिला पैसे पडत नव्हते आणि कुणाच्या हिशेबात ती धरलीही जात नव्हती. खुरपणीची मजुरी गेल्याचं निदान बोललं जातं. ओट्यातली भाजी गेली त्याची नोंद कुणी घेतली नाही.

दुसरीकडून रेशन आलं. भुकेला धान्य मिळालं ही लहान गोष्ट नाही. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला तिची किंमत सांगावी लागत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य हक्काचं झालं. पण ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारीच्या मुलखात ज्वारी विकत घ्यायची आणि बाहेरचा तांदूळ फुकट मिळायचा, म्हटल्यावर भाकरी मागं पडणारच. आणखी एक नोंद इथं करायला हवी. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य दिलं जात होतं. २०२३ मध्ये धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं. म्हणजे अन्न पिकवणाऱ्या माणसाला सरकारनं आधी धान्य दिलं, मग धान्याचे पैसे दिले. त्याच्या शेतात पिकणारं धान्य विकत घेऊन त्याच्याच गावच्या दुकानात ठेवणं मात्र कधी नीट जमलं नाही. भरडधान्याची सरकारी खरेदी होते, कधी ते रेशनवर येतंही, पण एका हंगामावर विसंबून पुढच्या हंगामाची पेरणी ठरवावी असं सातत्य त्यात नाही. उदगीर-देवणीच्या पलीकडं कर्नाटक लागतो. तिथल्या उत्तरेकडच्या भागात रेशनवर ज्वारी देण्याची वहिवाट आहे. सीमेच्या एका बाजूला जमतं ते दुसऱ्या बाजूला का जमू नये?

याचे परिणाम मोजले गेले आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आहेत, तर २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानानं हडकुळी आहेत. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत रक्तक्षय असणाऱ्यांचं प्रमाण ५४.२ टक्के. हे आकडे उपासमारीचे नव्हेत. पोट भरतं, पण अंगी लागत नाही, असे ते आकडे आहेत. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात असं सांगते. पाच माणसांच्या घराला म्हणजे रोज दोन किलो. कंधार, मुखेड, जळकोटच्या डोंगराळ भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाच्या पालावर रोज दोन किलो भाजी कुठून येणार, याचा विचार ज्यानं त्यानं करून पाहावा.

आता ज्या कामानं मला या विषयाकडं गांभीर्यानं पाहायला लावलं, त्याकडं येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं औसा तालुक्यातली आणि शेजारच्या उमरगा-लोहारा भागातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. पुनर्वसनात घरं बांधायची होती आणि घर कसं असावं हे बायकांना विचारायला हवं, असा आग्रह धरणाऱ्यांत प्रेमा गोपालन होत्या. गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून सरकार आणि गाव यांच्या मधे उभ्या राहिल्या. त्यातून स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था वाढली. पुढं दुष्काळाची वर्षं आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोवर अनेक गावांतल्या बायकांनी एक वेगळी गोष्ट सुरू केली होती. त्यांनी घरात जमीन मागितली. पाच एकर नाही, अर्धा एकर, फार तर एक. तिथं आम्ही घरात खायचं पिकवू, बाकीच्या जमिनीत तुमचं ऊस-सोयाबीन चालू द्या.

हे वाचायला सोपं आहे. मराठवाड्यातल्या एकत्र कुटुंबात सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर सारखा करत सुनेनं जमीन मागणं काय असतं, हे ज्यानं ते घर पाहिलंय त्याला कळेल. घरातून आधी मिळतो तो बहुधा बांधाकडचा मुरमाड तुकडा. त्यात शेणखत, गांडूळखत, जीवामृत, दशपर्णी अर्क घालायचा. घरातलं किंवा शेजारणीकडून आणलेलं बियाणं, ज्वारी-बाजरी, चार-पाच डाळी आणि हंगामाप्रमाणं माळवं, सगळं एकत्र. पाणी कमी, म्हणून जमेल तिथं ठिबक. पहिला नियम असा, की आधी घरात खायचं आणि उरलं तर विकायचं. उरलेलं लांब जात नाही, गावातच खपतं, नाही तर आठवडी बाजारात. लातूर, धाराशिव, सोलापूर, नांदेड असा हा एक एकराचा प्रयोग पसरला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार या कामाला मिळाला. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या, बायका पिकवताहेत.

मला या प्रयोगाचं महत्त्व पुरस्कारापेक्षा त्याच्या क्रमात वाटतं. शेत आणि गिऱ्हाईक जोडण्याच्या बहुतेक योजना शहरातल्या गिऱ्हाइकापासून सुरू होतात. त्याला ताजं, विषमुक्त, स्वस्त हवं. मग शेतकऱ्याला सांगितलं जातं की, हे पिकव. इथं पहिलं गिऱ्हाईक पिकवणारी स्वतः आहे, दुसरं तिची शेजारीण. स्वतः खाणारी बाई त्या वाफ्यावर भलतं फवारत नाही, त्यासाठी तिला प्रमाणपत्र लागत नाही. आणि भाव पडला म्हणून तिची मेथी रस्त्यावर फेकली जात नाही, ती चुलीवर जाते. बाजारानं पाठ फिरवली तरी वाया न जाणारं पीक, हा शेतीच्या अर्थशास्त्रातला फार मोठा आधार आहे.

कल्पना मराठवाड्यात पहिल्यांदाच आली असंही नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९१ मध्ये शेगावच्या मेळाव्यात 'चतुरंग शेती' मांडली होती: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. त्यातली सीताशेती म्हणजे बाईच्या नावच्या तुकड्यावर घरच्या खताबियाणांनी केलेली, घरच्यांसाठीची शेती, तर माजघर शेती म्हणजे पिकलेल्यावर घरातच केलेली प्रक्रिया. लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकांच्या नावावर जमिनी करण्याचा जो आग्रह होता, तो याच्याशी जोडलेला होता. खुल्या बाजाराचा एवढा कडवा पुरस्कर्ता माणूस चारातली पहिली दोन अंगं घराला देतो, हे त्यांच्या अनुयायांनीही नीट ध्यानात घेतलं नाही. व्यापार आणि निर्यात तेवढं उरलं, सीता आणि माजघर भाषणात राहिलं.

एक प्रश्न मात्र या सगळ्याला टोचत राहतो. ज्यांच्याकडं एकरच नाही त्यांचं काय? 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांमार्फत 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम झाली, ती चांगली होती. पण परसबागेला परस लागतं आणि सांडपाणी का होईना, पाणी लागतं. दलित वस्तीतल्या दोन खणांच्या घराला यातलं काय असतं? एकनाथ आवाड यांच्या जमीन अधिकार आंदोलनानं मराठवाड्यात गायरानं कसणाऱ्या भूमिहीनांचा प्रश्न लावून धरला. १९९१ च्या शासन निर्णयानं जुनी अतिक्रमणं नियमित करण्याचं कबूल केलं, तरी सातबाऱ्यावर नाव चढायला कितीतरी कुटुंबांची हयात गेली. ज्यांनी गायरानावर ज्वारी पिकवली त्यांच्या घरात भाकरी आली, हे पोषणाच्या कुठल्याही कार्यक्रमाइतकंच पोषणाचं काम होतं. आहाराच्या चर्चेत जमिनीचा विषय काढला की लोक अवघडतात. काढायला तर हवाच.

शहराकडं वळू. भाजी शेतातून शहरात कशी येते? पहाटे टेम्पोनं माल येतो, बीट होतं, म्हणजे लिलाव, आणि उजाडेपर्यंत मेथीच्या जुड्या, टोमॅटोचे कॅरेट गाड्यांवर चढलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये देशपातळीवर मांडलेला हिशेब असा: गिऱ्हाइकाच्या रुपयातले टोमॅटो पिकवणाऱ्याला सुमारे ३३ पैसे मिळतात, कांद्याला ३६, बटाट्याला ३७. हा आकडा वाचला की लगेच 'मधले दलाल हटवा' अशी घोषणा होते. मला ती घोषणा पसंत नाही. उरलेल्या पैशात वाहतूक आहे, हमाली आहे, सडलेल्या मालाची तूट आहे, आणि गल्लीबोळात उन्हात गाडा ढकलणाऱ्याची मजुरी आहे. नांदेड-लातूरच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या भाजी-फळं विकणारे बागवान आणि टोपलं घेऊन बसणाऱ्या माळणी हे काही धनदांडगे नव्हेत. गरिबाच्या वस्तीत पाच-दहा रुपयांची भाजी पोचवतो तो हाच माणूस. शेत आणि वस्ती जोडायची तर त्याला उठवून नव्हे, त्याला धरून जोडावी लागेल.

थेट विक्रीचे प्रयत्न सरकारनंही केले. २०१६ च्या जुलैमध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान आलं. २०२० मध्ये 'विकेल ते पिकेल' या धोरणाखाली रयत बाजार आला. अरणच्या त्या माळ्याचं नाव द्यायला सगळ्यांनाच आवडतं. पुण्यात या बाजारांनी बाळसं धरलं, मराठवाड्यात ते उद्‌घाटनाच्या फोटोपलीकडं फार कमी ठिकाणी गेले. कारणं व्यवहाराची आहेत. एकट्या शेतकऱ्याकडं दोन प्रकारची भाजी असते, गिऱ्हाइकाला दहा प्रकारची लागते. तो दिवसभर शहरात बसला तर शेतात कोण? त्यात उन्हाळ्याचे तीन महिने विहीर तळाला जाते, तेव्हा बाजार बंद. गिऱ्हाईक एकदा तुटलं की पावसाळ्यात परत येत नाही.

धर्माबाद, बिलोली, देगलूर या तालुक्यांना लागून तेलंगण आहे. तिथं, संयुक्त आंध्राच्या काळात, १९९९ मध्ये रयतू बाजार सुरू झाले. नियम साधे होते. ओळखपत्र असलेला शेतकरीच बसणार, जागेचं भाडं नाही, रोजचा भाव समितीनं घाऊकपेक्षा वर आणि किरकोळपेक्षा खाली ठरवायचा. त्यातही कुरबुरी आहेत, शेतकऱ्याच्या ओळखपत्रावर व्यापारी बसतात अशी तक्रार जुनीच आहे. तरी ते टिकले, कारण त्यांना कायमची जागा, छप्पर आणि सांभाळणारा माणूस मिळाला. आपल्याकडं अभियान मिळतं.

माझा सगळा भर मात्र बाजारापेक्षा दुसऱ्या एका गिऱ्हाइकावर आहे. रोज ठरलेल्या वेळी ठरलेली पानं वाढणारी स्वयंपाकघरं. अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, आश्रमशाळा, वसतिगृह, रुग्णालय, आणि लातूरपुरतं बोलायचं तर मेस. दयानंद, राजर्षी शाहू यांसारख्या महाविद्यालयांच्या निकालांनी 'लातूर पॅटर्न' गाजला. आता नांदेडही त्या वाटेवर आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांसाठी महाराष्ट्रभरातून आलेली पोरं-पोरी या दोन शहरांत खोल्या करून राहतात आणि खानावळीत जेवतात. वाढीच्या वयात दोन वर्षं बटाट्याचा रस्सा आणि पातळ वरण. पोरांचे बाप बहुतेक शेतकरीच. मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून गावाकडं सोयाबीन विकणारा बाप आणि इकडं रक्तक्षय झालेली मुलगी, ही कल्पनेतली जोडी नाही. दहा मेसनी मिळून औशाच्या किंवा रेणापूरच्या एखाद्या महिला गटाशी वर्षाचा भाव बांधला, तर त्या गटाला मोंढ्याकडं बघायची गरज उरणार नाही. वर्षाचा भाव म्हणजे कधी बाजारापेक्षा मेसवाल्याला महाग पडेल, कधी बाईला कमी वाटेल. दोघांनी ते सोसायचं, तरच त्याला जोडणं म्हणायचं.

शाळेचं उदाहरण जास्त बोलकं आहे. पोषण आहाराचा तांदूळ केंद्राकडून येतो, डाळी-कडधान्यं आणि मसाला ठेकेदारामार्फत. बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही मिळालं. लातूर जिल्ह्याची ही तिन्ही नावं आपण अभिमानानं घेतो. पण निलंगा तालुक्यातल्या शाळेच्या वरणात बोरसुरीची डाळ असावी असा नियम नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळांत आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्याला केळं देण्याचा निर्णय झाला. अर्धापूर-मुदखेडच्या केळीच्या बागा नांदेड शहराच्या वेशीवर आहेत. पोरांना फळ आणि बागायतदाराला घराजवळचं गिऱ्हाईक, दोन्ही एका निर्णयात साधणार होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचा निधी थांबवला.

ब्राझीलनं २००९ मध्ये कायदा केला, की शालेय आहारासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांच्या मालावरच खर्च झाला पाहिजे. कायद्यातल्या त्या एका कलमानं लहान शेतकऱ्याला कायमचं गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडं अन्नसुरक्षा कायदा आहे, पोषण आहार आहे, शेतकरी कंपन्या आहेत, बचत गट आहेत. प्रत्येकाचं खातं वेगळं, मंत्री वेगळा. महिला बालकल्याणचा माणूस कृषी खात्यातल्या माणसाला ओळखत नाही, दोघं एकाच तालुक्यात काम करत असले तरी.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरबद्दल दोन शब्द. तिथल्या गोंड, कोलाम, आंध बायकांना रानभाज्यांचं जे ज्ञान आहे ते कुठल्याही कृषी विद्यापीठात शिकवलं जात नाही. २०२० पासून कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. कर्टुली, कुर्डू, तरोटा जिल्ह्याच्या ठिकाणी येतात, अधिकारी चव घेतात. महोत्सव जरूर व्हावा. पण त्या बायकांना एक दिवसाचा मंडप नको, आठवडी बाजारात सावलीची जागा आणि एसटीत टोपलं चढवू देणारा कंडक्टर हवा. आणि या भाज्यांना शहरात मागणी वाढली तर आधी कुणाच्या ताटातून त्या जातील, हेही बघायला हवं. एक एकराचा 'आधी घरात' हा नियम जंगलालाही लागू करावा लागेल.

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. पहिला, हे सगळं लहान लहान आहे, यानं मराठवाड्याचं उत्पन्न वाढणार नाही. खरं आहे. एक एकरानं कर्ज फिटत नाही. पण २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली माल विकला गेला. त्या वर्षी ज्यांच्या घरात डाळ-ज्वारी-भाजी स्वतःची होती, त्यांना निदान खाण्यासाठी उधारी करावी लागली नाही. दुसरा आक्षेप शहरी आहे. सेंद्रिय भाजी महाग पडते म्हणे. पडेल. शेतकरीण स्वस्तात राबली म्हणून आपलं आरोग्य सुधारावं, ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. परवडणाऱ्यानं पूर्ण दाम द्यावा, आणि न परवडणाऱ्यासाठी अंगणवाडी, शाळा आणि रेशनच्या पैशातून सरकारनं द्यावा.

पुढच्या पानांत या गोष्टी जे करताहेत त्यांचं सांगणं आहे. त्यात फसलेले प्रयोगही आहेत, ते मुद्दाम ठेवले आहेत. वाचताना एक लक्षात घ्यावं: शाळेच्या तांदूळ-डाळीची खरेदी गावाच्या हातात नाही, पण इंधन आणि भाजीपाल्याचा खर्च मुख्याध्यापकाच्या हाती असतो. रक्कम फार थोडी आहे. ती गावातल्याच एखाद्या बाईच्या वाफ्यावर खर्च व्हावी, यासाठी मुंबईहून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी हा विषय मांडावा, एवढी विनंती.